दमसासाची परीक्षा : फिरत्या पट्ट्यावरचे उंदीर काय सांगतात?

चाळिशी उलटली, जिना चढताना धाप लागू लागली, की डॉक्टर 'स्ट्रेस टेस्ट' करून घ्यायला सांगतात. मुंबई-पुण्यात ही चाचणी आता नित्याची झाली आहे. छातीवर तारा चिकटवून रुग्णाला ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर उभे केले जाते. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडलेल्या पद्धतीनुसार पट्टा प्रथम ताशी पावणेतीन किलोमीटर इतक्या संथ वेगाने, दहा टक्के चढावर चालतो. त्यानंतर दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. कधीतरी रुग्ण म्हणतो, 'बस्स, आता नाही जमत.' तिथे चाचणी संपते. हृदयाच्या आलेखाइतकेच महत्त्व मग आणखी एका आकड्याला असते, तो म्हणजे रुग्ण किती वेळ तग धरू शकला.

हा आकडा किती बोलका असतो हे २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. ट्रेडमिल चाचणीसाठी आलेल्या ६,२१३ पुरुषांचा सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतल्यावर असे आढळले, की व्यायामाची कमाल क्षमता हा मृत्यूचा धोका सांगणारा सर्वांत प्रभावी निकष होता. रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह या परिचित शत्रूंपेक्षाही प्रभावी. क्षमता एका 'मेट'ने, म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेच्या एका पटीने, अधिक असेल तर जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी अधिक होती.

पण इथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. दमसास कमी आहे म्हणून माणूस आजारी पडतो, की आतून आजार सुरू झालेला असतो म्हणून दमसास कमी पडतो? माणसांच्या पाहणीतून या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर मिळत नाही. कोणी सिगारेट ओढतो, कोणी दिवसभर खुर्चीत बसतो, कोणाला सकस अन्न परवडत नाही. या साऱ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच छताखाली, एकाच आहारावर, एकाच तापमानात वाढलेला आणि आयुष्य तीनेक वर्षांत पुरे करणारा प्राणी मिळाला, तर हा गुंता सोडवता येईल. म्हणूनच शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी उंदराला ट्रेडमिलवर चढवले. मात्र 'बस्स, आता नाही जमत' असे उंदीर म्हणत नाही. या चाचणीतील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निर्माण होतात.

प्राणवायूची साखळी

मराठीतला 'दमसास' हा शब्द मोठा नेमका आहे. शास्त्र ज्याला एरोबिक क्षमता म्हणते, ती म्हणजे हवेतला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचवून तेथे वापरण्याची शरीराची कुवत. फुप्फुसे हवेतून प्राणवायू घेतात, रक्तातील हिमोग्लोबिन तो उचलते, हृदय ते रक्त पुढे ढकलते, केशवाहिन्या ते स्नायूंच्या तंतूंपर्यंत नेतात आणि तिथे पेशींमधील मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म भट्ट्या प्राणवायूच्या साहाय्याने साखर व चरबी जाळून ऊर्जा मोकळी करतात. या साखळीतील एक कडी जरी कच्ची असली, तरी तिचा परिणाम धावण्यावर होतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी मँचेस्टरमध्ये गवताच्या मैदानावर धावत, श्वासातून बाहेर पडणारी हवा पाठीवरच्या पिशवीत गोळा करून या क्षमतेचे मोजमाप केले. वेग वाढवत नेला तसा प्राणवायूचा वापरही वाढत गेला. पण एका मर्यादेनंतर वेग वाढला तरी वापर वाढेना. १९२३ साली हिल आणि त्यांचे सहकारी हार्टली लप्टन यांनी ही कल्पना मांडली. या कमाल मर्यादेलाच पुढे 'व्हीओटू मॅक्स' हे नाव पडले. शरीराच्या दर किलो वजनामागे दर मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू वापरला गेला, अशा रीतीने ती सांगितली जाते.

बैठे काम करणाऱ्या तरुण पुरुषात हा आकडा साधारण ३५ ते ४५ च्या दरम्यान असतो, तर जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूत तो ७० ते ८५ पर्यंत जातो. प्रयोगशाळेतला साधा, कोणतेही प्रशिक्षण न घेतलेला उंदीर त्या धावपटूच्या आसपास सहज पोहोचतो आणि त्याहून लहान जातीचा उंदीर शंभरीही ओलांडतो. यात उंदराचा पराक्रम काही नाही. प्राणी जितका लहान, तितकी दर किलोमागे त्याची प्राणवायूची गरज अधिक, हा निसर्गाचा सर्वसाधारण नियम आहे. मराठीत दोन्ही प्रकारांना 'उंदीर'च म्हटले जाते. प्रयोगशाळेत मात्र पाव किलोच्या पुढचा 'रॅट' आणि जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा 'माउस' यांची परीक्षा आणि गुणपत्रिका वेगवेगळी ठेवावी लागते.

गिनीपिगपासून आरंभ

प्राण्याच्या श्वासावरून त्याच्या शरीरातील ज्वलन मोजण्याची कल्पना सव्वादोनशेहून अधिक वर्षांची आहे. आँत्वान लव्हॉझिए आणि पिएर-सिमाँ लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले. त्याच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळला आणि त्याने किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, याची सांगड घालून त्यांनी निष्कर्ष काढला, की श्वसन म्हणजे एक प्रकारचे संथ ज्वलनच होय. पुढे लव्हॉझिए यांनी आपले सहकारी आर्माँ सेगँ यांच्यावर प्रयोग केले आणि श्रम करताना माणूस विश्रांतीपेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू वापरतो, हे दाखवले. १७९४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत लव्हॉझिए यांचा शिरच्छेद झाला. पण आजही उंदराच्या ट्रेडमिलला जोडलेले यंत्र मुळात त्यांचाच हिशेब करीत असते.

काचेच्या पेटीतला हिशेब

उंदराची ट्रेडमिल म्हणजे हवाबंद, पारदर्शक पेटीत बसवलेला एक अरुंद पट्टा. पेटीच्या एका टोकाकडून ठरावीक गतीने ताजी हवा आत सोडली जाते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर ओढून घेतली जाते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेतील प्राणवायूचे प्रमाण सतत मोजले जाते. हिशेब शाळकरी अंकगणिताचाच आहे. समजा, पेटीतून दर मिनिटाला तीन लिटर हवा जाते आहे. आत येणाऱ्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के आहे आणि बाहेर पडणाऱ्या हवेत २०.२ टक्के. म्हणजे ०.७ टक्क्याची तूट उंदराने केली. तीन लिटरचे ०.७ टक्के म्हणजे २१ मिलिलिटर. उंदीर ३०० ग्रॅमचा असेल, तर किलोमागे मिनिटाला ७० मिलिलिटर हे उत्तर आले. प्रत्यक्षात हवेतील बाष्प, तापमान आणि उंदराने सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांसाठी दुरुस्त्या कराव्या लागतात.

या उदाहरणातच मोजमापाची नाजूक बाजू दिसते. सारा निकाल हवेतल्या एका टक्क्याहूनही कमी फरकावर अवलंबून आहे. पेटीला कुठे फट असेल, यंत्र सकाळी प्रमाणित करून घेतलेले नसेल, हवेचा झोत गरजेपेक्षा जोराचा असेल, तर हा फरक पुसट होतो. झोत फारच मंद ठेवला, तर पेटीतली जुनी हवा लवकर बदलत नाही आणि उंदराने शेवटच्या मिनिटात घेतलेली झेप यंत्राला उशिरा कळते.

परीक्षेआधी उमेदवाराची तयारीही करून घ्यावी लागते. कधीही न पाहिलेल्या पट्ट्यावर उंदराला एकदम सोडले, तर तो घाबरतो, उड्या मारतो, उलट दिशेने तोंड करून बसतो. अशा वेळी मोजली जाते ती भीती. म्हणून काही दिवस रोज थोडा वेळ संथ पट्ट्यावर चालवून त्याला सवय लावली जाते. मात्र ही सवय इतकी वाढवूनही चालत नाही, की तोच व्यायाम ठरेल आणि मुळातली क्षमता बदलून जाईल.

चढाचाही प्रश्न आहे. सपाट पट्ट्यावर वेग वाढवत नेला, तर हृदय व फुप्फुसे थकण्याआधी उंदराच्या पायांची चपळाई अपुरी पडते आणि प्राणवायूची खरी कमाल मर्यादा गाठलीच जात नाही. पट्ट्याला चढ दिला, की कमी वेगातही श्रम वाढतात. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांनी वेगवेगळे चढ तपासून उंदरांसाठी २५ अंशांचा चढ निवडला. प्राणवायूचा सर्वाधिक वापर तिथे नोंदला गेला होता.

थकला, की कंटाळला?

आता मूळ अडचण. उंदीर पट्ट्यावर थांबला, तर तो थकला म्हणून, की त्याला धावायचेच नव्हते म्हणून? पट्ट्याच्या मागच्या टोकाला बहुधा धातूच्या सळ्यांची जाळी असते आणि तिच्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडलेला असतो. मागे पडलेल्या उंदराला त्याचा चटका बसतो आणि तो पुन्हा पुढे धावतो. काही प्रयोगशाळा विजेऐवजी हवेचा झोत वापरतात, काही शेपटीला मऊ कुंचल्याचा स्पर्श करतात. 'दमला' असे कधी म्हणायचे याचा नियमही आधीच ठरवावा लागतो. एका प्रसिद्ध पद्धतीत उंदीर पट्ट्याशी गती राखू न शकून तिसऱ्यांदा जाळीवर आला आणि धावण्याऐवजी दोन सेकंद तिथेच राहिला, की चाचणी संपली असे मानतात. पाच दिवस रोज एकदा चाचणी होते आणि त्यांतील सर्वोत्तम कामगिरी धरली जाते. एखादा दिवस वाईट जाऊ शकतो, ही सवलत जणू उंदरालाही दिलेली असते.

प्राणवायूचे मोजमाप सोबत असले, तर साक्षीपुरावा अधिक भक्कम होतो. वेग वाढूनही प्राणवायूचा वापर वाढेनासा झाला, बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड घेतलेल्या प्राणवायूपेक्षा अधिक झाला, शेपटीतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात लॅक्टेट चढलेले दिसले, तर उंदराने खरोखरच कस लावला असे मानता येते. नुसते 'किती मीटर धावला' यावरून तसे ठामपणे सांगता येत नाही. कारण अंतर हे दमसासाबरोबरच चिकाटी, धावण्याची ढब, पायांचे सामर्थ्य आणि जाळीची भीती यांवरही ठरते. व्हीओटू मॅक्स आणि धावलेले अंतर ही दोन वेगळी मापे आहेत. ती बहुधा एकाच दिशेला बोट दाखवतात, पण एकच नव्हेत.

आणखी दोन गोष्टी वरवर क्षुल्लक वाटतात, पण निकाल फिरवू शकतात. पहिली, वेळ. उंदीर निशाचर आहे. संशोधकाच्या सोयीने सकाळी अकराला घेतलेली परीक्षा ही उंदराच्या दृष्टीने मध्यरात्री झोपेतून उठवून घेतलेली परीक्षा असते. म्हणून अनेक ठिकाणी खोलीतील उजेड-अंधाराचे चक्र उलटे करून त्याच्या जागृतीच्या वेळी चाचणी घेतली जाते. दुसरी, वजन. लहान प्राण्याला दर किलोमागे अधिक प्राणवायू लागतो हा नियम लक्षात घेतला, तर नुसता किलोने भागाकार जड उंदरावर अन्याय करतो. प्राणवायूचा वापर वजनाच्या ०.७५ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर ४०० ग्रॅमचा उंदीर २०० ग्रॅमच्या उंदराइतकाच तंदुरुस्त असूनही किलोमागचा त्याचा आकडा सुमारे १६ टक्क्यांनी कमी दिसेल. उंदीर वयाबरोबर वाढतच असतो. त्यामुळे हे भान ठेवले नाही, तर निव्वळ वाढलेल्या वजनाला 'दमसास घटला' असे नाव दिले जाण्याचा धोका असतो.

चाक आणि पाण्याची टाकी

ट्रेडमिलला पर्याय नाहीत असे नाही. पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले, तर उंदीर आपण होऊन त्यात धावतो. रानातल्या उंदरालाही त्याची गोडी लागते. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी बागेत आणि वाळूच्या टेकड्यांमध्ये अशी चाके ठेवली, तेव्हा रानउंदीर तर त्यात धावलेच, पण बेडूक आणि गोगलगायीही चाकात आढळल्या. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाकात सक्ती नाही, चटका नाही. परंतु चाक उंदराची हौस सांगते, त्याची कमाल मर्यादा नव्हे. अमेरिकेत थिओडोर गार्लंड यांनी १९९३ साली चाकात स्वेच्छेने सर्वाधिक धावणाऱ्या उंदरांचा निवडक वंश वाढवायला सुरुवात केली. हे उंदीर सर्वसाधारण उंदरांच्या तुलनेत अडीच ते तीन पट अंतर धावू लागले. पण व्हीओटू मॅक्समध्ये त्या मानाने फरक थोडाच पडला. धावण्याची ओढ आणि धावण्याची कुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

पोहण्याची चाचणी स्वस्त आहे. पाण्याची टाकी आणि घड्याळ पुरते. पण उंदराच्या केसांत हवा अडकते आणि तो न पोहता तरंगत राहतो, नाहीतर बुडी मारून तळाला जातो. शेपटीला वजन बांधले, तर त्याची धडपड जीव वाचवण्याची असते. पाणी गार असेल तर थंडीचा ताण वेगळाच. त्यामुळे दमसासाचे विश्वासार्ह माप हवे असेल, तर ट्रेडमिलकडेच वळावे लागते. अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीने प्राण्यांच्या व्यायामचाचण्यांविषयी २००६ साली स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. त्यावरून या विषयातील बारकाव्यांची कल्पना यावी.

दोन घराणी

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर अमेरिकेतील स्टीव्हन ब्रिटन आणि लॉरेन कोच यांच्या प्रयोगात मिळते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओहायोतील टोलेडो येथे त्यांनी १६८ उंदीर घेतले. आठ वेगवेगळ्या शुद्ध वंशांच्या संकरातून तयार झालेला हा समूह होता, त्यामुळे त्यात जनुकांची विविधता भरपूर होती. प्रत्येक उंदराची ट्रेडमिलवर परीक्षा झाली. चढ १५ अंशांचा, सुरुवातीचा वेग मिनिटाला दहा मीटर आणि दर दोन मिनिटांनी त्यात एका मीटरची वाढ. हे उंदीर सरासरी २३ मिनिटांत ३५५ मीटर धावून थकले.

मग चांगल्या धावणाऱ्यांचा संकर चांगल्या धावणाऱ्यांशी आणि कच्च्यांचा कच्च्यांशी करण्यात आला. प्रत्येक घराण्यात तेरा कुटुंबे ठेवून, जवळच्या नात्यातील संकर टाळून, पिढीमागून पिढी ही निवड चालू राहिली. कोणालाही व्यायामाचे प्रशिक्षण दिलेले नव्हते. परीक्षा होती ती जन्मतः मिळालेल्या भांडवलाची. सहाव्या पिढीत एका घराण्याची सरासरी ३१० मीटर राहिली, तर दुसरे घराणे ८३९ मीटरवर पोहोचले. त्यासाठी हे उंदीर ४२ मिनिटे धावत होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कच्चे घराणे मूळ समूहापेक्षा थोडेच मागे गेले. मोठी झेप घेतली ती पक्क्या घराण्याने.

खरा धक्का पुढे होता. ब्रिटन व कोच यांनी उंदीर निवडताना फक्त धावण्याचे अंतर पाहिले होते. रक्तदाब, साखर, चरबी यांचा विचारही निवडीत नव्हता. तरीही अकरा पिढ्यांनंतर नॉर्वेचे उल्रिक विस्लॉफ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही घराण्यांची वैद्यकीय तपासणी केली, तेव्हा कच्च्या घराण्यातील उंदरांचा रक्तदाब चढलेला होता, उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन वाढलेले होते, रक्तातील ट्रायग्लिसराइड्स अधिक होते आणि पोटात चरबी साठली होती. माणसात ज्याला 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणतात, तेच हे चित्र. त्यांच्या स्नायूंमध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या कामाला लागणारी प्रथिने कमी होती. २००५ साली 'सायन्स'मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. २०११ साली आयुर्मानाचे आकडे आले. कच्च्या घराण्यातील उंदरांचे आयुष्य पक्क्या घराण्याच्या तुलनेत २८ ते ४५ टक्क्यांनी कमी होते.

म्हणजे एक दोरी ओढली आणि तिच्याबरोबर रक्तदाब, साखर, चरबी आणि आयुष्य ही सगळीच गाठोडी सरकली. प्राणवायू वापरण्याची कुवत आणि हे विकार यांचे मूळ कुठेतरी एकच असावे, असे त्यातून दिसते. सिगारेट न ओढणाऱ्या, वडापाव न खाणाऱ्या, कार्यालयीन ताण माहीत नसलेल्या उंदरांतही जेव्हा हे नाते दिसते, तेव्हा 'हा सारा जीवनशैलीचाच खेळ आहे' असे म्हणून मोकळे होता येत नाही.

निष्कर्षांना कुंपण

तरीही या निष्कर्षांना मर्यादा आहेत. कच्च्या घराण्यातील उंदीर वजनानेही जड असतात. चढावर जड शरीर ओढणे अधिक कष्टाचे असल्याने त्यांच्या कमी अंतराचा काही भाग वजनाच्या खात्यावर टाकावा लागतो. दुसरे असे, की प्रत्येक बाजूला एकच घराणे वाढवण्यात आले. निवडीशी संबंध नसलेली काही जनुके निव्वळ योगायोगानेही एखाद्या घराण्यात स्थिरावू शकतात. गार्लंड यांनी चार निवडलेले आणि चार न निवडलेले असे आठ समांतर वंश वाढवले, ते याच शंकेचे निरसन करण्यासाठी. आणि उंदीर हा माणूस नव्हे, हे तर उघडच आहे. विश्रांतीतही त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीनशेच्या वर असतात. दिशा उंदीर दाखवू शकतो. किती पावले चालायची, हे माणसावरच्या अभ्यासातूनच ठरते.

प्राण्यांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्नही टाळता येत नाही. थकून कोसळेपर्यंत धावायला लावणे आणि त्यासाठी विजेचा चटका देणे, हे वाचताना अनेकांना अस्वस्थ वाटेल आणि ती अस्वस्थता रास्त आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली. शक्य तिथे प्राण्यांना पर्याय शोधावा, वापरायचेच तर कमीत कमी प्राणी वापरावेत आणि त्यांना होणारा त्रास कमीत कमी ठेवावा. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा असून त्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९९८ साली नियम झाले. त्यानुसार मुंबई-पुण्यातील असो वा अन्य कुठली, प्रयोगशाळेला नोंदणी आणि संस्थेतील प्राणी-नीतिमत्ता समितीची संमती घ्यावी लागते.

इथे विज्ञान आणि भूतदया यांचे हितसंबंध एकच आहेत, ही दिलासा देणारी बाब. घाबरलेल्या उंदराच्या रक्तातील ताणाची संप्रेरके वाढतात, साखर चढते, हृदय धडधडते आणि त्याचे मोजमाप बिघडते. सवय लावलेला, शांत, चटक्याशिवाय धावणारा उंदीर हाच उत्तम परीक्षार्थी. चाचणी कुठे थांबवायची याचा नियम स्पष्ट असला, तर उंदराचे हाल टळतात आणि दोन प्रयोगशाळांचे आकडेही एकमेकांशी ताडून पाहता येतात. ढिसाळ चाचणीत प्राण्याचा त्रासही वाया जातो आणि उत्तरही हाती लागत नाही.

जन्माचे भांडवल, कष्टाची भर

दमसास जन्माने ठरतो, असे उंदीर सांगत असतील, तर पहाटे उठून शिवाजी पार्कला किंवा पर्वतीला जाणाऱ्यांनी घरीच झोपून राहावे काय? उत्तर अर्थातच नकारार्थी आहे. तेही या उंदरांनीच दिले आहे. कच्च्या घराण्यातील, मेटाबॉलिक सिंड्रोमची लक्षणे असलेल्या उंदरांना पद्धतशीर व्यायाम दिल्यावर काय होते, हे विस्लॉफ यांच्या गटाने २००९ साली प्रसिद्ध केले. काही उंदरांना सतत मध्यम गतीने धावू दिले, तर काहींना थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश असे टप्प्याटप्प्याने धावायला लावले. पहिल्या गटाचा व्हीओटू मॅक्स सुमारे १० टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटाचा ४५ टक्क्यांनी. जन्माचे भांडवल तोकडे असले, तरी त्यात भर घालता येते, आणि ती कशी घालायची यालाही महत्त्व आहे.

ही भर सर्वांना सारखी लाभत नाही, हेही खरे. 'हेरिटेज' या उत्तर अमेरिकेतील प्रसिद्ध अभ्यासात ९८ कुटुंबांतील ४८१ बैठ्या व्यक्तींना वीस आठवडे एकसारखा व्यायाम देण्यात आला. सरासरी लाभ मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर प्राणवायूचा होता. पण काहींच्या क्षमतेत जवळपास काहीच बदल झाला नाही, तर काहींची एक लिटरहून अधिक वाढली. १९९९ साली जाहीर झालेल्या या निष्कर्षांनुसार लाभातील या तफावतीचा जवळजवळ निम्मा भाग कुटुंबागणिक, म्हणजे बहुतांशी आनुवंशिकतेने, ठरत होता. कोच आणि ब्रिटन यांनी पुढे व्यायामाला भरघोस प्रतिसाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या उंदरांची आणखी दोन घराणी वाढवली. पंधरा पिढ्यांनंतर तोच व्यायाम घेऊन एका घराण्याचे अंतर वाढत होते, दुसऱ्याचे किंचित घटत होते.

व्यायामशाळेत शेजारच्या पट्ट्यावर सहज धावणाऱ्याकडे पाहून खंतावणाऱ्याला हे उंदीर म्हणूनच थोडा धीर देतात. मागे पडणे हा दर वेळी आळसाचा पुरावा नसतो. आणि धावताना शेजाऱ्याशी बरोबरी करण्यापेक्षा सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःशी तुलना करणे अधिक शहाणपणाचे असते. 'स्ट्रेस टेस्ट'चा अहवाल हाती आला, की हृदयाच्या आलेखाखाली किती मिनिटे आणि किती 'मेट' असे दोन आकडे छापलेले असतात. बहुतेक जण 'निगेटिव्ह' हा शब्द वाचून अहवाल घडी करून ठेवतात. ते आकडे मात्र जपून ठेवावेत, डॉक्टरांना त्यांचा अर्थ विचारावा आणि पुढच्या चाचणीच्या वेळी ते काढून पाहावेत.